दोनदा खोडलेलं वाक्य

तस्लीम मुजावरचं पत्र आलं तेव्हा मी अंगणातल्या खाटेवर पुस्तकांना ऊन देत होतो. पोस्टमननं निळं आंतर्देशीय पुढं केलं आणि म्हणाला, "सर, अजून कुणीतरी हातानं लिहितंय म्हणायचं." मी हसलो. मग पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि तिथंच खाटेच्या कडेवर बसलो.

पत्र आठ-दहा ओळींचंच होतं.

"आदरणीय सरांना सलाम. मी तस्लीम, नववी ब. माझी बारावी झाली. घरात पुढचं ठरवायचं चाललंय. एकच विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही माझ्या निबंधाखाली ते वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. खोटं होतं म्हणून खोडलं का? नुसतं हो किंवा नाही कळवलं तरी चालेल."

खाली तिनं आपला पत्ता पिनकोडासकट लिहिला होता. उत्तर येणार याची खात्री असल्यासारखा.

त्या पत्राला मी सहा वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र शब्दकोशात ठेवलं होतं, म्हणजे रोज हाताखाली येईल. रोज यायचंही. कागद घेऊन बसायचो, चार ओळी व्हायच्या, वाचून बघायचो आणि फाडायचो. कुमुद, माझी बायको, केर काढताना ते तुकडे गोळा करायची आणि म्हणायची, "एवढ्या कागदांत एखादी कादंबरी झाली असती." हा टोला मला कुठं लागायचा, हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

तर ते वाक्य कसं लिहिलं गेलं ते सांगतो.

निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. बोरवडीच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो. तीस वर्षं शिकवूनही वर्गात शिरताना माझे तळहात ओले व्हायचे. मुलांकडे बघून बोलणं मला कधी जमलं नाही. मी मागच्या भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडे बघून शिकवायचो. नजर खाली उतरली तर फार तर नकाशाच्या तळापर्यंत. मुलं आपापसात म्हणायची, पोतनीस सर आपल्याला नाही, श्रीलंकेला शिकवतात. हे मला माहीत होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मला जमायचं ते वह्या तपासणं. वह्या घरी न्यायचो. शेरा आधी पेन्सिलीनं लिहायचो, वाचायचो, खोडायचो, बदलायचो. 'चांगला' जास्त वाटायचं, 'बरा' कमी वाटायचं. मग पुन्हा खोडायचो. मनासारखं झालं की त्यावरून लाल शाई. कुणाकुणाच्या वहीत त्या जागी कागद इतका पातळ व्हायचा की मागचं पान दिसायचं.

त्या जूनमध्ये विज्ञानाच्या सुप्रिया कोष्टी मॅडम शिक्षक-खोलीत माझ्या समोर येऊन बसल्या. शाळेत येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती, पण संगणक-खोलीतली बारा यंत्रं त्यांनी आठवड्यात चालू करून दाखवली होती.

"सर, नववी ब ची निबंधाची वही कॉम्प्युटरवर आणायचीय."

"वही कॉम्प्युटरवर कशी येईल?"

"एकच फाईल करायची. चोवीस मुलं, चोवीस पानं. सगळी आपापल्या पानावर नेटवरून लिहिणार. तुम्ही तुमच्या जागेवरून वाचायचं आणि खाली शेरा टाईप करायचा."

"माझ्या जागेवरून म्हणजे?"

"कुठूनही. ग्रंथालयात बसा हवं तर. मी लॅपटॉप देते."

मी मान वर केली. "मुलांसमोर यायला नको?"

"नको." त्या हसल्या. "म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

असं ते सुरू झालं. दर गुरुवारी सलग दोन तास मुलं संगणक-खोलीत, एका यंत्रावर दोघं-दोघं, आळीपाळीनं आपापल्या नावानं. मी शेजारच्या ग्रंथालयात, कपाटांच्या मध्ये. आमच्यामध्ये एक भिंत. माझ्यासारख्या माणसाला शिकवण्याची याहून चांगली सोय कुणी लावून दिली नसती. एका बोटानं मी टाईप करायचो. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटायचं, हे मला शेवटपर्यंत जादूसारखंच वाटत राहिलं. आणि खोडणं तर किती सोपं. खोडरबर नको, फुंकर नको, कागद पातळ व्हायची धास्ती नको. मी मनसोक्त खोडायला लागलो.

"सगळ्यांना लगेच दिसतं हं, सर," असं कोष्टी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. लगेच म्हणजे मी सेव्ह केल्यावर लगेच, असं मी धरून चाललो. वही परत हातात पडल्याशिवाय शेरा कुणाला कसा दिसेल? म्हणून शेरा मनासारखा झाला की मी सेव्हची बटणं दाबायचो, खाली सही ठोकल्यासारखी, आणि मग पाठ टेकायचो.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मी लिहायला लागलो की भिंतीपलीकडचा गोंगाट थांबायचा. मला वाटायचं, कोष्टी मॅडमची शिस्त.

आणखी एक. मुलं व्हरांड्यात भेटली की थांबायला लागली. आधी मला बघून खांबाआड व्हायची. नववी ब मध्ये दिग्विजय सावंत नावाचा एक आडदांड मुलगा होता, सगळे त्याला दिग्या म्हणत. तो एकदा माझ्या हातातला पुस्तकांचा गठ्ठा घेत म्हणाला, "सर, काल लई दमला असाल."

"का रे?"

"न्हाई, असंच." आणि गठ्ठा घेऊन पळाला.

चौथ्या गुरुवारी विषय दिला होता, 'आमच्या घरातली एक वस्तू'. टीव्ही सात जणांनी लिहिला होता, मोटारसायकल पाच जणांनी. मी एकेका पानाखाली 'बरा', 'ठीक', 'आणखी लिहिता आलं असतं' असं करत विसाव्या पानावर आलो. ते तस्लीम मुजावरचं होतं. तिचे वडील बाजारात सायकली दुरुस्त करायचे. मुलगी वर्गात कधी बोलायची नाही. न बोलण्याची स्पर्धा लावली असती तर पहिला नंबर तिचा की माझा, सांगता आलं नसतं. तिनं लिहिलं होतं:

"आमच्या घरात दोन बायका आहेत आणि चष्मा एक आहे. तांदूळ निवडायचे असले की चष्मा अम्मीकडे. सुई ओवायची असली की चाचीकडे. दोघींचं भांडण झालं की अब्बा चष्मा उचलून वरच्या फळीवर ठेवतात. पण चष्म्यावाचून दोघींचंही चालत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत भांडण मिटतं. चष्मा अम्मीच्या डोळ्यांवर असला की चाची दाराबाहेरचं जग तिला विचारून घेते. कोण चाललंय, कुठल्या रंगाचं नेसलंय, ओळखीचं आहे का. अम्मी सांगत बसते. मला वाटतं, दुसरा चष्मा आला तर दोघी बोलायच्या थांबतील. म्हणून मी आणा असं म्हणत नाही."

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बऱ्याच होत्या, त्या मी इथं काढून टाकल्यात. त्या दिवशी मला त्या दिसल्याच नाहीत. मी ते पान तीनदा वाचलं. मग एक एक अक्षर शोधत टाईप केलं: हे मला लिहिता आलं नसतं.

वाक्याकडे बघितलं. चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसलो. चष्म्याशिवाय मला पडदा म्हणजे नुसता उजेडाचा डाग. किती वेळ पुसत होतो कुणास ठाऊक. पुन्हा चष्मा लावला, वाक्य वाचलं आणि खोडलं.

'छान' लिहिलं. खोडलं. पुन्हा तेच लिहिलं: हे मला लिहिता आलं नसतं. पुन्हा खोडलं. शेवटी लिहिलं, "ठीक. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. दहापैकी सहा." आणि सेव्हची बटणं दाबली.

भिंतीपलीकडून आवाज आला. चोवीस मुलांनी मिळून श्वास सोडला तर येईल तसा.

मग ग्रंथालयाच्या दारात दिग्या उभा.

"सर, पयलं होतं तेच ठेवा की."

"पहिलं कोणतं?"

"हे मला लिहिता आलं नसतं. दोनदा लिवलं होतं न्हवं तुमी."

माझे हात मांडीवर होते, तिथंच राहिले. "तुला कसं कळलं?"

"दिसतंय की सर. तुमी लिवता ते, खोडता ते, समदंच. तुमच्या नावाची रेघ लुकलुकती." मग माझा चेहरा बघून तो घाबरला. "सर, आमी कुणीच सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तुमी लिवायचंच थांबला असता. माझ्या 'बरा'ला तुमी सात खेपा दिल्या. माझ्यासाठी घरात बी कुणी एवढा इचार करत न्हाई."

त्याच्या मागं कोष्टी मॅडम आल्या. त्याला वर्गात पाठवून त्या आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"सर, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"मी सेव्ह केल्यावर दिसतं ना?"

"सेव्ह करावंच लागत नाही तिथं." त्या खुर्चीवर बसल्या. "मी तर घरी सांगत होते, पोतनीस सर किती धीट झालेत. मुलांसमोर उघड उघड विचार करतात. मला नाही जमणार."

मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या हातात दिला. "पुढच्या गुरुवारपासून वह्याच घेतो."

"सर, मुलांना ते आवडतंय. मी लिहिलं की त्यांना उत्तर मिळतं. तुम्ही लिहिता तेव्हा उत्तर कसं शोधतात ते दिसतं. आणि त्या मुलीचं काय?"

"तिला सहा दिलेत."

कोष्टी मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुस्तकांच्या कपाटाकडे बघत राहिलो. मग त्या उठून गेल्या.

वह्या परत सुरू झाल्या. लाल शाई परत आली. तस्लीमनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. एप्रिलमध्ये, माझ्या शेवटच्या दिवशी, ती ग्रंथालयाचं पुस्तक परत करायला आली; ग्रंथालयही माझ्याकडेच असायचं. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उभी राहिली. मी तारीख लिहिली, सही केली. ती उभीच होती. मी म्हणालो, "पुस्तकाला कव्हर घालत जा." ती म्हणाली, "हो सर," आणि गेली. एकतीस वर्षांच्या नोकरीतलं माझं विद्यार्थ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी निळं पत्र आलं. ते मी शब्दकोशात मिटून ठेवलं. घरात पुढचं ठरतंय, असं तिनं लिहिलं होतं. घरं माझ्यासाठी थांबत नाहीत, हे मला कळत होतं. पहिले काही महिने घाईघाईनं लिहायचो आणि फाडायचो. नंतर वाटायला लागलं, आता काय ठरायचं ते ठरलं असेल, आता लिहून कुणाचं काय भलं होणार. लिहिणं टाळायला हे कारण फारच सोयीचं होतं.

मागच्या महिन्यात कोष्टी मॅडम घरी आल्या. आता त्या मुख्याध्यापिका आहेत, केसांत पांढरं दिसायला लागलंय. कुमुदनं चहा दिला, पोह्यांचा आग्रह केला. मॅडमनी पिशवीतून एक पाकीट काढलं.

"सर, शाळेचं जुनं ऑनलाईन खातं बंद करतोय. नवीन येतंय. बंद करायच्या आधी मी सगळ्या फाईली उतरवून घेत होते. तुमची नववी ब सापडली."

"अजून आहे ती?"

"सगळं आहे. कुणी काय लिहिलं, किती वाजता, काय खोडलं, सगळं."

"खोडलेलंही?"

"तिथं खोडणं म्हणजे नुसतं बाजूला सारणं, सर. मागं जाऊन बघता येतं." त्यांनी पाकीट माझ्यापुढं सरकवलं. "विसावं पान मी छापून आणलंय. महत्त्वाच्या बदलांचा एकेक कागद. तुम्ही बघावं असं मला वाटलं."

सात कागद होते. पहिल्यावर तस्लीमचा निबंध, तिच्या सगळ्या चुकांसकट. दुसऱ्यावर त्याच्याखाली माझं वाक्य, बाजूला माझं नाव आणि वेळ: अकरा बेचाळीस. हे मला लिहिता आलं नसतं.

तिसऱ्या कागदावर वेळ होती अकरा चव्वेचाळीस. माझं वाक्य तिथंच होतं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. ती माझी नव्हती. तिच्या बाजूला नाव होतं तस्लीम मुजावर.

खरंच, सर?

चौथा कागद, अकरा सेहेचाळीस. ती ओळ गेलेली. खोडणारी तस्लीम मुजावर. पाचवा, अकरा सत्तेचाळीस. माझं वाक्य गेलेलं. खोडणारा मी. सहाव्यावर ते दुसऱ्यांदा आलेलं. सातव्यावर 'ठीक'.

मी तिसरा कागद पुन्हा वर घेतला.

"हे मी बघितलंच नाही," मी म्हणालो. "दोन मिनिटं हे माझ्यासमोर होतं?"

"चोवीस मुलांनी बघितलं. मीही. सगळे तुमच्या रेघेकडे बघत होते, सर काय म्हणतात म्हणून."

"मी चष्मा पुसत होतो."

कुमुद स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आली आणि माझा गार झालेला चहा उचलून घेऊन गेली.

"कुठं असते ती?" मी विचारलं.

"मिरजेला. एका लॅबमध्ये आहे, रक्त-लघवी तपासणीची. परवाच फोन झाला."

"लिहिते का?"

"ते तुम्हीच विचारा," त्या म्हणाल्या आणि पाकिटावर पत्ता लिहून दिला.

त्याच दुपारी मी बसलो. पेन्सिल घेतली नाही, सरळ शाईचं पेन घेतलं. जे लिहिलं ते असं:

"प्रिय तस्लीम, नाही. खोटं नव्हतं.

मी तीस वर्षं गोष्टी लिहितोय. ट्रंकेत नऊ वह्या आहेत. कुणालाही दाखवलेल्या नाहीत. तुझं पान वाचलं तेव्हा आधी आनंद झाला नाही. आधी वाटलं, एवढं साधं माझ्या हातून का झालं नाही. चौदा वर्षांच्या मुलीबद्दल मास्तराला असं वाटावं याची लाज वाटली, म्हणून पहिल्यांदा खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं ते आनंदानं लिहिलं होतं. पण तोवर मी भ्यालो होतो. दहापैकी सहा मार्क माझ्या भीतीचे आहेत, तुझ्या निबंधाचे नाहीत.

'खरंच, सर?' असं तू त्याच दिवशी विचारलं होतंस, हे मला आज कळलं. मी त्या वेळी चष्मा पुसत होतो. तू पुन्हा पत्रातून विचारलंस, तेव्हा मला चष्म्याचं निमित्त नव्हतं.

हो. खरंच.

फार उशीर झाला. तू लिहीत नसशील तर त्यात माझा वाटा आहे, तो मी मान्य करतो. लिहीत असशील तर मला वाचायला आवडेल. शेरा देणार नाही. अम्मी आणि चाची कशा आहेत? चष्मा अजून एकच आहे का?"

मध्ये मध्ये खोडाखोड बरीच झाली होती. 'आशीर्वाद' लिहून खोडलं होतं. 'मला क्षमा कर' दोन ठिकाणी लिहून दोन्ही ठिकाणी खोडलं होतं, तिसऱ्यांदा लिहून तेही खोडलं होतं. कुमुद खांद्यावरून वाकून बघत होती.

"फेअर करून पाठवा की. काय म्हणेल ती पोरगी?"

"नको. तिला माझं खोडलेलं वाचता येतं."

"आणि नऊ वह्या कुठल्या?"

"ट्रंकेतल्या."

"त्या होय," कुमुद म्हणाली. "दर दिवाळीला डांबरगोळ्या कोण घालतं त्यात?"

मी पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि चौकापर्यंत चालत गेलो. पोस्टाच्या पेटीचा रंग उडालाय, पण पेटी चालू आहे. पत्र आत सोडलं. आत पडल्याचा बारीक आवाज आला, आणि त्याच क्षणी मला आठवलं की 'भ्यालो होतो' या शब्दांऐवजी दुसरं काहीतरी बरं दिसलं असतं.

मी हात आत घालून बघितला. पेटीचं तोंड अरुंद असतं. हात मनगटापर्यंतच गेला.